रोपवाटिकेचे वेबपेज आपणच तयार करा

मृगाचा पाऊस पडला की कोकणातील कलमांच्या रोपवाटिकांमध्ये गर्दी सुरू होते. "वेंगुर्ला-४ ची कलमे आहेत का? किती शिल्लक आहेत? दर काय? रविवारी मिळतील का?" असे तेच चार-पाच प्रश्न रोपवाटिकाधारकाला दिवसातून कितीतरी वेळा फोनवर विचारले जातात. हात मातीत असतात, गाडी भरायची असते, एखादा फोन घ्यायचा राहून जातो आणि तो ग्राहक दुसरीकडे जातो. याउलट एखादा शेतकरी फोन न करताच टेम्पो घेऊन लांबून येतो आणि त्याला हव्या असलेल्या जातीची कलमे आदल्या दिवशीच संपलेली असतात. त्याचे भाडे जाते, दिवस जातो आणि लागवडीची वेळही हुकते.

अशा वेळी रोपवाटिकेचे एक साधे वेबपेज उपयोगी पडते. व्हॉट्सॲपवर संदेश पाठवता येतो हे खरे; परंतु तो ज्यांचा क्रमांक आपल्याकडे आहे त्यांनाच जातो आणि दोन दिवसांत इतर संदेशांखाली दबतो. वेबपेजला मात्र कायमचा पत्ता असतो. तो पत्ता फलकावर, पावतीवर आणि कलमाच्या चिठ्ठीवर छापता येतो. ग्राहक आपल्या सवडीने रात्री दहा वाजताही ते वाचू शकतो.

वेबपेज तयार करणे हे केवळ तज्ज्ञाचे काम आहे, असा अनेकांचा समज आहे. परंतु ज्याला संगणकावर अर्ज किंवा पत्र टाइप करता येते, त्याला त्याच वर्ड प्रोसेसरवर साधे वेबपेज तयार करता येते. त्याची पद्धत या लेखात दिली आहे. उदाहरण म्हणून आंबा व काजू कलमांची रोपवाटिका घेतली आहे. द्राक्षबागाईतदार, बचत गट, बियाणे उत्पादक गट किंवा दूध संस्था यांनाही हीच पद्धत वापरता येईल.

वेबपेज म्हणजे काय?

वेबपेज म्हणजे एक मजकुराची फाइल होय. मजकुराच्या कोणत्या भागाला शीर्षक समजावे, परिच्छेद कोठे संपतो, तक्ता कोठे आहे, चित्र कोणते दाखवावे, याच्या खुणा त्या मजकुरातच घातलेल्या असतात. या खुणांच्या पद्धतीला एचटीएमएल असे म्हणतात. आपण कलमांच्या पिशव्यांना जातीप्रमाणे वेगवेगळ्या रंगांच्या चिठ्ठ्या बांधतो, त्यातलाच हा प्रकार आहे. मोबाइलमधील किंवा संगणकातील ब्राउझर त्या खुणा वाचतो आणि त्याप्रमाणे पान मांडून दाखवतो.

ही पद्धत टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत तयार केली. १९८९ मध्ये त्यांनी तिचा प्रस्ताव मांडला आणि १९९३ मध्ये सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. महाराष्ट्रात १९९८ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसराच्या ७० गावांत संगणकाचे जाळे उभारण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला, तोही शेतकऱ्यांसाठीच. त्या काळी लिहिलेली साधी पाने आजच्या मोबाइलवरही उघडतात. साधेपणाचा हा मोठा फायदा आहे.

वर्ड प्रोसेसर आपण टाइप केलेल्या मजकुरात वरील खुणा स्वतःच घालतो. आपल्याला त्या पाठ कराव्या लागत नाहीत. मात्र या पद्धतीला मर्यादाही आहेत. वर्ड प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त खुणा घालतो, त्यामुळे फाइल थोडी जड होते. ऑनलाइन पैसे घेणे, मालाची नोंदणी करणे अशी कामे या पानावर करता येत नाहीत. एक-दोन पानांची माहिती देण्यासाठी मात्र ही पद्धत पुरेशी आहे.

आवश्यक साहित्य

१) संगणक किंवा लॅपटॉप. जुना असला तरी चालतो.
२) वर्ड प्रोसेसर. 'लिबर ऑफिस' हा संच विनामूल्य मिळतो आणि त्यातील 'रायटर' या कामाला चांगला आहे. मायक्रोसॉफ्ट वर्ड असल्यास तोही चालतो.
३) मराठी युनिकोड टंकलेखनाची सोय.
४) चार-पाच छायाचित्रे.
५) एक कागद आणि पेन्सिल.

पाचवी वस्तू सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करावी.

आधी कागदावर लिहा

संगणकापुढे बसण्यापूर्वी आठ दिवस फोनजवळ एक वही ठेवावी आणि ग्राहक विचारतात ते प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून काढावेत. जो प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो त्याचे उत्तर पानावर सर्वांत वर द्यावे. पुष्कळ पानांवर आरंभी "आपले सहर्ष स्वागत" आणि मालकाचे मोठे छायाचित्र असते. दर व शिल्लक शोधता शोधता वाचणारा कंटाळतो. ग्राहक स्वागतासाठी येत नाही, कलमांसाठी येतो.

रोपवाटिकेच्या पानावर पुढील माहिती याच क्रमाने असावी.

अ) रोपवाटिकेचे नाव, गाव, तालुका, जिल्हा.
आ) "ही माहिती अमुक तारखेची आहे" अशी स्पष्ट ओळ.
इ) आज शिल्लक असलेल्या कलमांचा तक्ता: जात, कलमाचे वय, शिल्लक संख्या, दर.
ई) फोन क्रमांक, फोन करण्याची वेळ, सुटीचा वार.
उ) येण्याचा रस्ता. जवळचे बसस्थानक, फाटा, ओळखीची खूण आणि टेम्पो आतपर्यंत येतो की नाही हे लिहावे.
ऊ) परवान्याचा क्रमांक व मुदत, तसेच मातृवृक्षांची माहिती.
ए) जातींची थोडक्यात वैशिष्ट्ये.
ऐ) लागवडीच्या सूचना.

जातींविषयी लिहिताना जाहिरातीची भाषा टाळावी. "भरघोस उत्पन्न देणारी सर्वोत्तम जात" असे लिहिल्याने ग्राहकाला काहीच समजत नाही. त्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहावे:

"रत्ना – नीलम व हापूस यांच्या संकरातून तयार झालेली जात. फळात साका होत नाही."
"सिंधू – रत्ना व हापूस यांच्या संकरातून तयार झालेली जात. कोय अतिशय पातळ असते."
"वेंगुर्ला-७ – काजूची मोठ्या बीची जात. एका बीचे वजन सुमारे १० ग्रॅम भरते."

लागवडीच्या सूचनाही अशाच नेमक्या असाव्यात. उदाहरणार्थ, आंब्यासाठी १० × १० मीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी १०० कलमे लागतात. काजूसाठी ७ × ७ मीटर अंतरावर हेक्टरी सुमारे २०० कलमे लागतात. आंब्यासाठी १ × १ × १ मीटर आणि काजूसाठी ६० × ६० × ६० सेंटीमीटर आकाराचे खड्डे पावसापूर्वी काढून भरून ठेवावेत. लावताना पिशवी काढून टाकावी, कलमाचा जोड जमिनीच्या वर ठेवावा आणि जोडाच्या खाली खुंटावर येणारी फूट वेळोवेळी काढावी. ही माहिती पानावर असली म्हणजे ग्राहक घरूनच हिशेब करून किती कलमे हवीत ते ठरवून येतो. शिवाय खुंटाची फूट वाढून कलम वाया गेले तर दोष रोपवाटिकेला लागतो, तोही टळतो.

आधार क्रमांक, बँक खात्याचा तपशील, सातबाऱ्याचे छायाचित्र यांपैकी काहीही पानावर देऊ नये. पान सर्व जगाला दिसते.

मराठी अक्षरांची काळजी

मराठी पानांची सर्वांत मोठी अडचण येथेच येते. आम्ही स्वतः केलेले पहिले पान जुन्या फाँटमध्ये टाइप केले होते. आमच्या संगणकावर ते सुबक दिसत होते. शेजारच्या खोलीतील संगणकावर उघडले तेव्हा एकही मराठी अक्षर दिसेना, नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसली. तीन दिवसांचे टंकलेखन पुन्हा करावे लागले.

याचे कारण असे. जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. तोच फाँट दुसऱ्या संगणकावर नसेल तर मूळची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो, त्यामुळे ते कोणत्याही मोबाइलवर मराठीच दिसते.

आपला मजकूर युनिकोडमध्ये आहे की नाही हे ओळखण्याची सोपी परीक्षा आहे. मजकूर निवडून त्याला 'टाइम्स न्यू रोमन' हा इंग्रजी फाँट द्यावा. मजकूर मराठीच राहिला तर तो युनिकोड आहे. अर्थहीन इंग्रजी अक्षरे दिसू लागली तर तो जुन्या फाँटमधील आहे, असे समजावे. असा मजकूर रूपांतर करून घ्यावा किंवा नव्याने टाइप करावा. रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी नीट तपासावी. चुका बहुधा तेथेच होतात.

विंडोज संगणकात 'सेटिंग्ज'मधील भाषेच्या विभागात जाऊन मराठी भाषा जोडली की कळफलक मिळतो. इन्स्क्रिप्ट कळफलकात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. थोडा सराव केल्यास हात बसतो. टंकलेखन जमत नसल्यास मोबाइलवर बोलून मजकूर लिहून घ्यावा आणि ई-मेलने संगणकावर आणावा. फोन क्रमांक मात्र इंग्रजी अंकांत, मध्ये जागा न सोडता लिहावा, म्हणजे त्याची नक्कल करून फोन लावणे सोपे जाते.

प्रत्यक्ष कृती

१) फोल्डर तयार करणे : संगणकावर एक नवे फोल्डर करावे. पानाची फाइल व सर्व छायाचित्रे या एकाच फोल्डरमध्ये ठेवावीत. एखादे छायाचित्र दुसरीकडे राहिले तर आपल्या संगणकावर ते दिसते, पण ग्राहकाला दिसत नाही.

२) नवीन पान उघडणे : लिबर ऑफिस रायटरमध्ये 'फाइल' मेनूतील 'न्यू' येथे जाऊन 'एचटीएमएल डॉक्युमेंट' निवडावे. एक मजकूर अक्षरही लिहिण्यापूर्वी फाइल वरील फोल्डरमध्ये सेव्ह करावी. फाइलचे नाव इंग्रजी लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता द्यावे. मुख्य पानाचे नाव 'इंडेक्स' ठेवण्याची प्रथा आहे, कारण पत्ता टाइप केल्यावर बहुतेक सर्व्हर याच नावाची फाइल प्रथम शोधतात.

मायक्रोसॉफ्ट वर्ड वापरणाऱ्यांनी मजकूर नेहमीप्रमाणे तयार करून साध्या वर्ड फाइलमध्ये जपावा. त्यानंतर 'सेव्ह ॲज'मध्ये फाइलचा प्रकार 'वेब पेज, फिल्टर्ड' असा निवडावा. नुसते 'वेब पेज' निवडल्यास वर्ड आपल्या उपयोगाच्या पुष्कळ जादा खुणा आत ठेवतो. तेथील 'टूल्स'मध्ये 'वेब ऑप्शन्स'खाली 'एन्कोडिंग' हे 'युनिकोड, यूटीएफ-८' असल्याची खात्री करावी. पुढे बदल करायचे झाल्यास मूळ वर्ड फाइलमध्ये करावेत आणि पुन्हा वेब पेज म्हणून सेव्ह करावे.

३) शीर्षके देणे : शीर्षक ठळक व मोठे करण्यासाठी अक्षरांचा आकार हाताने वाढवू नये. 'स्टाइल्स'मधील 'हेडिंग १' हे रोपवाटिकेच्या नावाला आणि 'हेडिंग २' हे "आज शिल्लक कलमे", "येण्याचा रस्ता" अशा विभागांना द्यावे. दिसण्यात फारसा फरक नसला तरी आतील खुणा वेगळ्या पडतात. शोधयंत्रांना आणि अंध व्यक्तींसाठीच्या वाचक यंत्रणेला पानाची रचना त्यावरूनच समजते.

४) मजकुराची मांडणी : कागदाची रुंदी ठरलेली असते, वेबपेजची नसते. पाणी जसे पाटाच्या रुंदीप्रमाणे पसरते, तसा मजकूर मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्याप्रमाणे पसरतो. म्हणून स्पेस बार दाबून शब्द सरकवू नयेत. ब्राउझर सलग अनेक मोकळ्या जागा एकच धरतो. पानाचे क्रमांक, दोन स्तंभ, तरंगत्या चौकटी हे सर्व टाळावे. परिच्छेद तीन-चार ओळींचे ठेवावेत.

५) तक्ता घालणे : शिल्लक कलमांसाठी 'टेबल' मेनूतून तक्ता घालावा. चारपेक्षा जास्त रकाने करू नयेत, अन्यथा मोबाइलवर तक्ता पडद्याबाहेर जातो. नमुन्यादाखल एक ओळ अशी असेल: "वेंगुर्ला-४, १ वर्ष, ४५० शिल्लक, दर रुपये अमुक." संपलेली जात तक्त्यातून काढून टाकू नये, तिच्यापुढे "या हंगामात संपली" असे लिहावे. त्यामुळे नेमके त्याच जातीसाठी येणाऱ्याची फेरी वाचते.

६) छायाचित्रे घालणे : मोबाइलवर काढलेले छायाचित्र तीन ते पाच एमबीचे असते. खेड्यात रेंज कमी असताना अशी चार छायाचित्रे उघडायला फार वेळ लागतो. म्हणून विंडोजमधील 'पेंट'मध्ये छायाचित्र उघडून 'रिसाइझ'मध्ये रुंदी ८०० पिक्सेल करावी आणि ते जेपेग प्रकारात नव्या नावाने सेव्ह करावे. एक छायाचित्र २०० केबीच्या आत आणण्याचा प्रयत्न करावा. त्यानंतर 'इन्सर्ट' मेनूतील 'इमेज' निवडून, खाली 'लिंक' या शब्दापुढे खूण करून ते घालावे. छायाचित्रावर उजवे बटन दाबून त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये पर्यायी मजकूर लिहावा, जसे "काजू कलमाचा जोड, जवळून". चित्र उघडले नाही तरी हा मजकूर दिसतो.

छायाचित्रे आपल्याच रोपवाटिकेची असावीत. इंटरनेटवरून घेतलेले फळांनी लगडलेले झाड दुसऱ्या कोणाचे तरी असते. ग्राहक प्रत्यक्ष आल्यावर ते ओळखतो.

७) दुवे देणे : लागवडीच्या सूचना लांबल्यास त्यांचे वेगळे पान करावे. मुख्य पानावर "लागवड कशी करावी" हे शब्द निवडून 'इन्सर्ट' मेनूतील 'हायपरलिंक'मध्ये दुसऱ्या पानाची फाइल दाखवावी. "येथे क्लिक करा" असे लिहिण्याऐवजी पुढे काय वाचायला मिळेल ते लिहावे. दुसऱ्या पानावर मुख्य पानाकडे परतण्याचा दुवा द्यायला विसरू नये.

८) पानाला नाव देणे : 'फाइल' मेनूतील 'प्रॉपर्टीज'मध्ये 'टायटल' या जागी रोपवाटिकेचे नाव व गाव लिहावे. ब्राउझरच्या माथ्यावर हेच नाव दिसते, आणि शोधयंत्रातही बहुधा हेच येते. हे विसरल्यास पुष्कळदा 'अनटायटल्ड' असे नाव राहून जाते.

तपासणी

पान सेव्ह करून वर्ड प्रोसेसर बंद करावा आणि फोल्डरमधील फाइलवर दोनदा क्लिक करावे. पान ब्राउझरमध्ये उघडेल. यासाठी इंटरनेट लागत नाही. ब्राउझरची खिडकी ओढून अरुंद करावी आणि मजकूर कसा वळतो ते पाहावे. नंतर संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर उघडावे. तेथे अक्षरे, छायाचित्रे आणि दुवे ठीक असतील तर पान तयार झाले असे समजावे.

शेवटी ते पान घरातील अशा व्यक्तीला वाचायला द्यावे, जिचा या कामाशी संबंध नाही. "वेंगुर्ला-७ ची किती कलमे शिल्लक आहेत?" असे विचारावे. उत्तर चटकन सापडले नाही तर दोष वाचणाऱ्याचा नाही, मांडणीचा आहे.

नेहमी आढळणाऱ्या अडचणी व उपाय

अडचण : छायाचित्राच्या जागी रिकामी चौकट दिसते.
उपाय : छायाचित्र त्याच फोल्डरमध्ये आहे का ते पाहावे. वर्डमध्ये केलेल्या पानासोबत छायाचित्रांचे एक वेगळे फोल्डर तयार होते. तेही सोबत न्यावे लागते.

अडचण : आपल्या संगणकावर सर्व ठीक, इंटरनेटवर टाकल्यावर दुवे तुटतात.
उपाय : फाइलच्या नावातील अक्षरे तपासावीत. विंडोज मोठी व लहान इंग्रजी अक्षरे एकच मानते. पुष्कळसे सर्व्हर ती वेगळी मानतात. म्हणून सर्व नावे लहान लिपीतच ठेवावीत.

अडचण : बदल केला तरी जुनेच पान दिसते.
उपाय : फाइल सेव्ह केल्याची खात्री करून ब्राउझरमध्ये 'एफ ५' कळ दाबावी.

अडचण : मोबाइलवर पान उघडते, पण अक्षर अगदी बारीक दिसते.
उपाय : पानाच्या आतील शीर्षभागात 'व्ह्यूपोर्ट' नावाची एक ओळ घालावी लागते. संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या गावातील मुलाला किंवा मुलीला हे पाच मिनिटांचे काम असते. पुढे पान पुन्हा सेव्ह केल्यावर ती ओळ टिकली आहे की नाही ते पाहावे.

पान इंटरनेटवर ठेवणे

पान सर्वांना दिसावे यासाठी ते इंटरनेटला सतत जोडलेल्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर ठेवावे लागते. या जागेला होस्टिंग म्हणतात. काही कंपन्या साध्या पानांसाठी विनामूल्य जागा देतात, काही वार्षिक भाडे घेतात. पानाचा पत्ता, म्हणजे डोमेन, वेगळा घ्यावा लागतो आणि मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करावे लागते. 'डॉट इन' हा शेवट असलेला पत्ता घेता येतो. २०१४ पासून 'डॉट भारत' असा देवनागरीतील पत्ताही मिळतो.

येथे दोन गोष्टींची विशेष काळजी घ्यावी.

पहिली गोष्ट, डोमेन आपल्याच नावाने, आपल्याच फोन क्रमांकावर व ई-मेलवर नोंदवावे. दुसऱ्याकडून काम करून घेताना तो ते स्वतःच्या नावाने नोंदवतो आणि पुढे संबंध बिघडले किंवा त्याने व्यवसाय बंद केला की पत्ता हातचा जातो. पावतीवर छापलेला पत्ता मग निरुपयोगी होतो. जमीन आपली आणि उतारा दुसऱ्याच्या नावाने, असे आपण होऊ देत नाही. येथेही होऊ देऊ नये.

दुसरी गोष्ट, पानाचे मूळ फोल्डर नेहमी स्वतःजवळ ठेवावे. जिओसिटीज या सेवेने १९९४ पासून लोकांना वेबपेजसाठी विनामूल्य जागा दिली होती. पुढे ती याहू कंपनीने घेतली आणि २००९ मध्ये बंद केली. त्यासोबत असंख्य लोकांची पाने गेली. ज्यांच्याजवळ मूळ फाइली होत्या त्यांना ती दुसरीकडे ठेवता आली. म्हणून फोल्डरची एक प्रत संगणकावर आणि एक पेन ड्राइव्हवर असावी.

इंटरनेटवर पान ठेवणे लगेच शक्य नसल्यास हाच मजकूर 'एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ' करून व्हॉट्सॲपवर पाठवता येतो. केलेली मेहनत वाया जात नाही.

पानाची निगा

कलम लावले म्हणजे काम संपले असे होत नाही. पहिली दोन-तीन वर्षे त्याची निगा राखावी लागते. वेबपेजचेही तसेच आहे. पान तयार करायला दोन दिवस लागतात, ते खरे ठेवण्याचे काम मात्र कायमचे असते.

ज्याच्याकडे पानच नाही, त्याला ग्राहक फोन करून विचारतो. ज्याच्या पानावर "४५० शिल्लक" असे लिहिलेले आहे, त्याच्याकडे ग्राहक त्या शब्दावर विसंबून गाडी घेऊन येतो. तो आकडा गेल्या वर्षीचा असेल तर त्या पानाने फायदा करण्याऐवजी नुकसानच केले. परत गेलेला शेतकरी पुन्हा येत नाही आणि गावात चार जणांना सांगतो. म्हणून जे रोज पाळणे शक्य आहे तेवढेच पानावर लिहावे. त्यासाठी पुढील नियम पाळावेत.

१) लागवडीच्या हंगामात शिल्लक तक्ता रोज संध्याकाळी विक्रीच्या वहीवरून दुरुस्त करावा. या कामाला दहा मिनिटे पुरतात. घरातील एका व्यक्तीकडे ते ठरवून द्यावे.
२) प्रत्येक वेळी वरची तारीख बदलावी. आकडे न तपासता नुसती तारीख कधीही बदलू नये.
३) रोज दुरुस्ती शक्य नसल्यास संख्या देऊच नये. "कलमे उपलब्ध आहेत; निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी" एवढेच लिहावे.
४) हंगाम संपताच तक्ता काढून "पुढील विक्री जूनमध्ये सुरू होईल" असे लिहावे.
५) परवान्याची मुदत व फोन क्रमांक वर्षातून एकदा तपासावा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपल्या रोपवाटिकेची माहिती आपल्याइतकी दुसऱ्या कोणालाही नसते. पैसे देऊन सुंदर पान करून घेता येईल, पण आज सकाळी कोणती कलमे गेली हे पान करणाऱ्याला ठाऊक नसते. आपल्या हाताने केलेले साधे पान आपल्याच हाताने पाच मिनिटांत दुरुस्त करता येते, आणि त्याचा उपयोग यातच आहे. या पावसाळ्यापूर्वी वहीत ग्राहकांचे प्रश्न लिहायला सुरुवात करावी. पहिले पान त्यातूनच तयार होईल.